मागच्या विहिरीचं पाणी

अण्णा, तुमच्या शेडच्या जागी मी मासे पाळले आहेत.

तुम्ही गेल्यावर आम्ही ती पत्र्याची शेड उतरवली, निकेलचा मुलामा चढवायचे हौद फोडले, वर फरशी घातली आणि मग कित्येक वर्षं तिथे कपडे वाळत घालण्यापलीकडे काही केलं नाही. बँकेतून निवृत्त झाल्यावर मात्र घरात बसवेना. एका ओळखीच्यांच्या गच्चीवर पाहिलं होतं, खाली माशांची टाकी, वर खडीचा वाफा, आणि त्यात पालक असा तरारलेला की हात लावावासा वाटावा. अ‍ॅक्वापोनिक्स म्हणतात त्याला. टाकीतलं पाणी पंपाने वाफ्यात चढवायचं, खडीत जिवाणू धरतात, ते माशांच्या घाणीचं खत करतात, भाजीची मुळं ते खत घेतात आणि निवळलेलं पाणी परत माशांकडे येतं. माती नाही, शेण नाही. तुम्ही ऐकलं असतंत तर म्हणाला असतात, "मासे हवेत तर बाजारात जा की ग." पण मग स्वतःच पाने-पकडी घेऊन नळ्या जोडायला बसला असतात, हेही मला ठाऊक आहे.

नळ्या ह्यांनी जोडल्या. तुमच्या पुणेकर जावयांनी. होसकोट्याच्या भंगारवाल्याकडून लोखंडी पिंजऱ्यातली ती मोठी पांढरी टाकी टेम्पोत घालून आणली, तिचा वरचा भाग कापून त्याचाच वाफा केला, आणि वाफा भरला की भसकन आपोआप रिकामा होईल अशी नळी बसवायला त्यांनी अख्खा आठवडा घातला. जमली तेव्हा आम्ही दोघं खुर्च्या टाकून तो वाफा भरताना आणि रिकामा होताना बघत बसलो. इतक्या वर्षांत एकत्र एवढा वेळ आम्ही टीव्हीसमोरही बसलो नव्हतो. पाणी कुठलं घ्यायचं यावर वाद झाला नाही. नळाला येणाऱ्या कावेरीच्या पाण्यात क्लोरीन असतं, ते माशांना बाधतं असं सगळीकडे लिहिलेलं. मागे आपली विहीर भरलेली. विहिरीचंच घेतलं.

टाकीतलं पाणी नुसतं फिरवत ठेवून महिनाभर जिवाणू धरायची वाट पाहिली, मग इथे ज्याला जिलेबी मासा म्हणतात त्या तिलापियाची पिल्लं आणून सोडली. दुसऱ्या सकाळी काही पिल्लं तोंड वर करून श्वास घेत होती. संध्याकाळपर्यंत उताणी झाली. हे बाटल्यांमध्ये थेंब टाकून रंग बघत बसले. "अगं, अमोनिया नाही, पीएच बरोबर, हवा चालू आहे. मग मरतायत कशाने?" पुन्हा पिल्लं आणली. तीही गेली. वाफ्यातल्या पालकाची पानं पिवळी पडली, शिरा तेवढ्या हिरव्या. मेलेले मासे मी जाळीने काढायची आणि केळीच्या मुळाशी पुरायची, आणि प्रत्येक वेळी शेजारच्या अक्का भिंतीवरून डोकावून म्हणायच्या, "अय्यो पापा." बिचारे.

यशवंतपूरच्या मत्स्यबीजवाल्याने शेवटी आम्हाला परत पिल्लं द्यायलाच नकार दिला. म्हणाला, "मॅडम, आधी पाणी बदलून बघा स्वल्प." म्हणून ह्यांनी दोन पिंपं मांडली. एकात कावेरीचं पाणी, उघडं ठेवून क्लोरीन उडवलेलं, दुसऱ्यात विहिरीचं. दोन्हीत सारखी पिल्लं, सारखी हवा, सारखं खाणं. कावेरीच्या पिंपातली पिल्लं आजही जिवंत आहेत. विहिरीच्या पिंपासमोर मी दुपारभर स्टूल टाकून बसले होते, आणि अण्णा, तेव्हाच मला कळलं होतं. तपासणीला पाणी द्यायच्या आधीच. प्रयोगशाळेतल्या माणसाने फोनवर फक्त एवढंच विचारलं, "निकेल बरंच आहे, क्रोमियमही आहे. तुमच्या आसपास कधी प्लेटिंगचं काम चालायचं का?" मी म्हणाले, "आसपास नाही. घरातच."

मला ते हिरवं पाणी आठवतं. तुम्ही हौद रिकामा करता आहात, रबरी बूट घातलेत, बादलीतलं पाणी काचेसारखं हिरवं आहे, इतकं सुंदर की मला त्यात हात घालावासा वाटतो. तुम्ही ते विहिरीच्या पलीकडच्या खड्ड्यात ओतता आणि खड्डा ते पिऊन टाकतो. सायकलींची हँडलं, नळांच्या तोट्या, कुणाच्या तरी लग्नातली समई, सगळं काळवंडलेलं यायचं आणि आरशासारखं होऊन जायचं. माझी पत्र्याची कंपासपेटीही तुम्ही चकचकीत करून दिली होतीत, वर्गातल्या मुली तिच्यात बघून केस नीट करायच्या. त्या कामावर हे घर उभं राहिलं, आम्ही दोघी बहिणी शिकलो. मी तुमच्या कामाला नावं ठेवत नाही. त्या काळी सगळेच असं ओतायचे, आम्ही तेच पाहिलं होतं, असं मी ह्यांना सांगितलं. हे माझ्या पाठीवर हात ठेवून उभे राहिले.

पण अक्कांचं काय करायचं? आठवतो ना तुम्हाला तो उन्हाळा, गल्लीतला नळ आटला होता आणि अक्का कडेवर एक मूल नि डोक्यावर घागर घेऊन रेल्वे लाइनपर्यंत जायच्या? तुम्ही कुणाला न विचारता भिंतीला भोक पाडलंत, आपल्या मोटारीवरून त्यांच्या मागच्या दारापर्यंत नळी टाकून दिलीत. गल्लीभर तुमचं नाव झालं. "पाण्याला नाही म्हणू नये," एवढंच तुम्ही म्हणालात. ती नळी अजून आहे. कावेरी घरात येईपर्यंत त्या घराने तेच पाणी प्यायलं, तेच पाणी भातात घातलं. आता पिण्याला नळाचं घेतात, पण त्यांची सगळी भाजी त्याच नळीवर वाढते, कडीपत्ता, दंटू म्हणजे आपला माठ, मिरच्या, आणि त्यातला वाटा दर आठवड्याला आपल्याकडे येतो. त्यांचे यजमान मूत्रपिंडाच्या आजाराने गेले. त्याचा पाण्याशी काही संबंध होता का, असं मी प्रयोगशाळेत विचारलं. असं सांगता येत नाही म्हणाले. नाही असंही म्हणाले नाहीत.

हे म्हणाले, "सांगायला तर लागेलच. मी येतो बरोबर." मी म्हणाले, नको, माझ्या वडिलांची गोष्ट आहे. तरी कितीतरी दिवस गेले. रोज भिंतीपलीकडे नळी सुरू झाल्याचा आवाज यायचा आणि हातातलं काम तसंच राहायचं. एकदा त्यांनी दंटूची जुडी आणून दिली, "कोवळी आहे, आजच कर" म्हणाल्या, आणि ती मी त्यांच्या पाठीमागे कचऱ्यात टाकली. त्या दिवशी ठरवलं.

तेवढ्यात दुसरंच आठवलं, आणि ते आठवलं नसतं तर बरं झालं असतं. मी आठ-नऊ वर्षांची असेन. शाळेतून आले, तहान लागलेली, विहिरीवर बादली भरलेली. मी लोट्याने घेऊन तोंडाला लावलं. तुम्ही शेडमधून धावत आलात आणि लोटा असा उडवलात की माझा ओठ फुटला. जन्मात एकदाच तुम्ही माझ्यावर हात उगारलात. "हे पाणी भांड्यांना. पुन्हा तोंडाला लावायचं नाही!" आणि मग स्वतःच घाबरून मला मांडीवर घेऊन बसलात, पदर नाही म्हणून धोतराने ओठ पुसलात. आई म्हणाली, "पाणीच तर प्यायली पोर." तुम्ही म्हणालात, "जड आहे ते पाणी." म्हणून आपलं पिण्याचं पाणी तुम्ही आधीपासून कोपऱ्यावरच्या नळावरून आणायचात, उन्हाळ्यात टँकरमागे पळायचात. अक्कांची नळी त्यानंतरची, अण्णा. बऱ्याच नंतरची. त्यांना भांड्यांपुरतं वापरा असं बोलला होतात का? बोलला असाल. मी तिथे नव्हते.

अक्कांना घरी बोलावलं, स्वयंपाकघरात बसवलं, सगळं कन्नडमध्ये सांगितलं. मासे, पिंपं, तपासणी, शेड. नळी बंद करावी लागेल, भाजीला आमच्या नळाची जोडणी देऊ, तुमच्या आणि मुलांच्या तपासण्या आपण करून घेऊ, असं मी भराभर बोलत सुटले. त्यांनी हात वर करून मला थांबवलं. "निम्म अप्पा देवरंथा मनुष्य," म्हणाल्या. तुझे वडील देवमाणूस. मग खिडकीबाहेर बघत विचारलं, "अवरिगे गोत्तित्ता?" त्यांना माहीत होतं का?

आता ती नळी कापली आहे, भोक सिमेंटने बुजवलंय, विहिरीवर जाळी घालून कुलूप लावलंय. पालिकेत कळवायला ह्यांच्याबरोबर उद्या जायचंय, गल्लीत आणखी विहिरी आहेत. टाकी कावेरीच्या पाण्यावर चालते, मासे तळहाताएवढे झालेत आणि पालक चांगला आहे, पण मला अजून तो खाववत नाही. अक्का भिंतीशी येतात, पूर्वीसारखं बोलतात, आपल्याकडे काही आणत नाहीत एवढंच. तुम्हाला हे पोचणार नाही, पोचावं असंही मला वाटत नाही. त्या दिवशी स्वयंपाकघरात मी अक्कांना म्हणाले, "गोत्तिरलिल्ला, अक्का." माहीत नव्हतं. त्यांनी "सरी," बरं, असं म्हटलं आणि पदराने डोळे पुसले. शब्द तोंडातून चुकून गेला असं म्हणायला जागा नाही, अण्णा. कन्नड मला मराठीइतकंच येतं.