चौदा नंबरची बॅटरी

३ जून, मंगळवार

गाडी मेली. किल्ली फिरवली तर नुसतं टक् — टक् — मग तेही नाही. झांबियातल्या आमच्या चोमाची ही ऐन जूनमधली थंडी, त्यात सहा वर्षांची बॅटरी, आणि चार महिने अंगणात नुसती उभी! तिच्या जागी मी असते तर मीही चालू झाले नसते.

नवऱ्याचंही तेच. फेब्रुवारीत झटका आला तेव्हापासून चेलोची उजवी बाजू रजेवर आणि जीभ संपावर. शब्द सुचत नाहीत. फक्त शिव्या येतात — त्या मात्र अस्खलित! डॉक्टर म्हणाले, असं होतं कधीकधी. आज पाद्रीबुवा आले. डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "प्रभू, याची जीभ मोकळी कर." झाली मोकळी! पाद्रीबुवा चहा न घेताच गेले.

५ जून

टॅक्सी स्टँडचे अध्यक्ष मुलेया आले. बॉनेटवर असा हात फिरवत होते, जसा खाटीक बकऱ्याच्या पाठीवरून फिरवतो.

"वहिनी, चार महिने चौदा नंबरची जागा राखली. आता पोरं ऐकेनात. वीस तारखेला गाडी रांगेत दिसली नाही तर नंबर दुसऱ्याला."

म्हटलं, ड्रायव्हर ठेवते. आतून चेलोची शिवी आली — लांबलचक, मुलेयांच्या आईपर्यंत पोचणारी. म्हणजे ड्रायव्हर नको. बावीस वर्षं त्या सीटवर दुसऱ्याला बसू दिलं नाही या माणसानं. मलाही नाही! लायसन्स काढलं होतं मी लग्नाआधी. ते ट्रंकेत पडलंय. "तू चालवलीस तर क्लच रडेल," म्हणायचा.

नंबर गेला तर हा माणूस उठायचा नाही. कशासाठी उठेल?

६ जून

ठरलं. बॅटरी मीच बदलणार. मेकॅनिक बोलावला तर तोही पाद्रीबुवांच्या वाटेनं जाईल.

९ जून

लुसाकाहून लेकीचा फोन. लुयांडो म्हणते, "आई, होती तसली नको. मोठी पाठवते. सीलबंद आहे, पाणी घालायची कटकट नाही. कितीही थंडी असू दे, एका झटक्यात चालू!"

म्हटलं, झटका हा शब्द या घरात नको.

दोघी हसलो.

१२ जून

बसनं बॅटरी आली. हातगाड्यावर घालून बाजारातून आणली. कोबीवाली विचारते, "काय गं, दळण?" म्हटलं, नवऱ्याचं नवं डोकं.

चेलोनं डाव्या हातानं ती ठोकून पाहिली. मान हलवली — नाही, नाही, नाही. दोन्ही बोटं... म्हणजे एकाच हाताची दोन बोटं लांब करून दाखवली. मोठी आहे. कळलं! वेताळासारखा बसून नकारघंटा वाजवू नकोस म्हटलं. यावर शिवी.

१४ जून, शनिवार

आज घातला घाट. याची खुर्ची उन्हात, गाडीच्या तोंडाशी. मी याच्या जुन्या डांगरीत — बाह्या तीनदा दुमडून.

पाना घेतला, लाल वायरीला लावला. ज्याला लाल रंग, त्याचा पहिला मान असं आपलं मला वाटलं. पाना बाजूच्या पत्र्याला टेकला — फट्! ठिणगी! पाना एकीकडे, मी एकीकडे. बॅटरी मेलेली म्हणे! मेलेल्यालाही एवढा राग!

आणि मागून आवाज —

"मायनस आधी, गाढवे!"

मी वळून पाहिलं. तो माझ्याकडे पाहत होता. गाढव नेहमीचंच हो. पण "मायनस आधी"? चार महिन्यांत शिवीखेरीज आलेले हे पहिले दोन शब्द! मी मुद्दाम पुन्हा लाल वायरीकडे हात नेला.

"मायनस!!"

रडू आलं. डांगरीला नाक पुसलं. ग्रीसचा वास.

मग काळी वायर आधी, लाल नंतर. टर्मिनलवरची पांढरी बुरशी खाण्याच्या सोड्यानं आणि गरम पाण्यानं धुतली, नुसता फेस. जुनी काढली. नवी उचलून ठेवली — कंबर आता आठवडाभर बोलेल, घरात कुणीतरी बोलायला हवंच.

नवी तबकात बसली जेमतेम. पण लाल वायर पोचेना! नव्या बॅटरीचं प्लस पलीकडच्या बाजूला. लुयांडोला मनात दोन शिव्या दिल्या, नवऱ्याच्याच साठ्यातल्या. चेलो खुर्चीतून ओणवा झाला, खाली बोट दाखवून "क्लिप... क्लिप" म्हणाला. वायर खाली एका चिमट्यात अडकवलेली होती. सोडवली तर वीतभर मोकळी झाली. पोचली!

बॉनेट पाडायला गेले तर यानं माझी बाही धरली. बॉनेटच्या आतल्या पत्र्यावर टकटक, मग बॅटरीच्या प्लसवर टकटक. बॅटरी उंच. पत्रा टेकला असता तर गाडीसकट आम्ही दोघं शेगडीवरच्या मक्याच्या कणसासारखे! टायरच्या जुन्या ट्यूबचा तुकडा कापून टर्मिनलवर टोपी घातली. वर पट्टा आवळला.

किल्ली फिरवली. एका झटक्यात.

हो, झटक्यात. लिहिलं मी.

१५ जून

चर्चला गेले नाही. दोघं गाडीत बसून न्शिमा, म्हणजे मक्याच्या पिठाचे घट्ट गोळे, आणि वाळके मासे खाल्ले, इंजिन चालू ठेवून. रेडिओ सगळी स्टेशनं विसरलाय. "तुझ्यासारखाच," म्हटलं. हसला! तोंडाच्या अर्ध्याच बाजूनं, पण हसला.

१८ जून

शब्द आजपर्यंत: मायनस, आधी, क्लिप, मीठ, बंद कर.

"बंद कर" मला उद्देशून.

२० जून, शुक्रवार

गाडी स्टँडवर नेली. फक्त दाखवायला — नंबर राहावा, ड्रायव्हर मग शोधू, म्हणून. नेणार कोण? यानं मुकाट्यानं डावीकडचं दार उघडलं नि बसला. वाटेत प्रत्येक गिअरला शिवी.

चौदा नंबरवर उभी केली. पोरांनी टाळ्या वाजवल्या. मुलेयांनी खिडकीत डोकं घातलं. "गाडी आली हो, वहिनी. पण चालवणार कोण?"

मी तोंड उघडायच्या आत चेलो म्हणाला, "ही चालवेल. उद्यापासून."

चार महिन्यांतलं पहिलं पूर्ण वाक्य — आणि तेही मला न विचारता!