टबातलं कासव

मंगळवार, संध्याकाळ, पेण

ह्यांना रोह्याच्या मित्राने कासव दिलं. सासूबाईंनी लगेच टब भरला. देवघरातलं पितळी कासव पाण्याच्या ताटलीत असतं ना! "कासव हाय ते, पाण्यातच राहणार."

ते सारखं टबाच्या कडेला पाय घासत होतं. पाय मी आधीच नीट का नाही बघितले? जाडजूड, बोटांमध्ये पडदा नाही. पाठीवर चांदण्या. म्हणजे जमिनीवरचं.

"आई, ह्याला पोहता येत नाय."

काढलं, पुसलं, गवत घातलं. पाय अजून आत ओढलेलेच. शिवाय हे पाळायला बंदी. उद्या वनखात्यात द्यायचं.

आत्ता दिवा लावायला गेले, तर ताटली कोरडी. सासूबाईंनी पितळी कासवही पुसून ठेवलंय.