सुमनचे उपवास

आर्वी, गुरुवार, १९५५

आज पाणी शेंदताना सुमनला चक्कर आली. दोर हातातून सुटला नाही, एवढं नशीब. सोमवार, गुरुवार, मग शनिवार. लेकीचे उपवास वाढत गेले आणि मी शेजारणींना कौतुकाने सांगत राहिले. चौदाव्या वर्षी एवढी भक्ती कुठून आली, हे विचारावंसं मला कसं वाटलं नाही?

सासूबाईंनी तिला ओट्यावर बसवलं. "काऊन वं सुमे, देवानं तुयं जेवण मांगतलं का?"

तेव्हा ती रडायला लागली. "मावशी मले भोपळा म्हणते. मले बारीक व्हाचं हाये, आजी."

"तुह्या वयात मी तुह्याहून गोल होती. अंग भरते, मंग उंची येते. पोटभर जेवजो, अन् माह्यासंगं वावरात चालजो."

दोराने लाल झालेले तिचे तळवे अजून डोळ्यांपुढे आहेत. मी तिला जाड कधी म्हटलं नाही. पण बारीक मुलींचं कौतुक तिच्यासमोर करतेच ना?

रागावले नाही. गुरुवार असूनही भाकरी आणि मेथीची भाजी वाढली. देव समजून घेईल. सुमनने मान खाली घालून एक भाकरी संपवली. मग हळूच म्हणाली, "आई, ठेचा उरला का?"