मूळ कागदपत्रं गडचिरोलीत

१४ जून २००२, शुक्र. मु. सावली
डी.एड.ची यादी लागली. गडचिरोली मिळालं. ऐन गणवेशाच्या दिवसांत अब्बांनी अर्धा तास दुकानातली शिलाई मशीन बंद ठेवली आणि शेजारच्या सगळ्या दुकानांत पेढे वाटले. "आमची नसरीन मास्तरीण होऊन राह्यली." अम्मी रडली. मी नुसती हसत होते.
नागपूरचं पत्र मंगळवारीच आलंय, कल्पना बाईंच्या पत्त्यावर. फॅशन डिझाइनची लेखी परीक्षा पास. २४ ला मुलाखत. परीक्षा दिली हेच घरी माहीत नाही. गृहविज्ञान शिकवता शिकवता बाईंनीच हे डोक्यात भरवलं, आता त्याच घाबरल्यात.

१६ जून
दिवसभर दुकानात काजं केली. अब्बा म्हणाले, हा तुझा शेवटचा सीझन. पुढं तू शाळेत शिकवशील आणि तुझ्या वर्गातल्या पोरांचे कपडे मी शिवीन. इतके खूश, की सांगायचं राहूनच गेलं.

१९ जून
सांगितलं.
आधी हसले. "कपडे शिवाले कालेजात जा लागते काय?" शिवणं वेगळं, डिझाइन वेगळं, असं समजावता समजावता तोंडातून गेलं, मी काही टेलर नाही होणार.
मशीन थांबली नाही. पॅन्टची बाजू पूर्ण केली, धागा तोडला, मग बोलले. "बरोबर हाय. टेलर होऊ नये म्हणूनच शिकवलं तुले."
मला तसं म्हणायचं नव्हतं. पण म्हटलं तर तसंच.

२१ जून
अब्बांसोबत गडचिरोलीला. मार्कशीट, दाखला, सगळं मूळ जमा केलं. क्लार्क म्हणाला, परत पाहिजे असेल तर पालकाचा सहीचा अर्ज लागेल आणि सीट जाईल. अब्बांनी खिडकीतून फाईल आत सरकवताना एकदा माझ्याकडे बघितलं. तेव्हा बोलता आलं असतं. मी पावती घडी करत बसले.

२४ जून
पहाटेच्या गाडीने बाईंसोबत नागपूर. अम्मीला माहीत. अब्बांना सांगितलं, मूल गावी बाईंकडे जाते.
मुलाखत घ्यायला तिघं होते. काम दाखव म्हणाले. बाकीच्या मुलींनी लेहंगे, गाऊन आणलेले. मी पिशवीतून स्वतः शिवलेला धानाच्या रोवणीचा शर्ट काढला. रोवणीच्या बाया लुगड्यावर नवऱ्याचा जुना शर्ट घालतात, वाकलं की पुढून चिखलात लोंबतो आणि मागून वर चढून कंबर उघडी पडते. म्हणून माझा पुढून आखूड, मागून लांब. चष्मेवाले सर हसले. म्हणाले, ही फॅशन करणार कोण? मी म्हटलं, आमच्याकडच्या बाया घालूनच राह्यल्या सर, फक्त त्यांचं माप कोणी घेतलं नाही. मॅडमनी शर्ट उलटा करून शिलाई बघितली. कुठे शिकलीस? अब्बांकडे, म्हटलं. मग विचारलं, शिकून पुढे काय करणार? तिथे अडकले. माहीत नाही, असं खरंच सांगून आले. काऊन सांगितलं?

२६ जून
अब्बांना कळलं. एका गिऱ्हाइकाने मला नागपूरच्या स्टँडवर बघितलं होतं. ओरडले नाहीत. रात्री उशिरापर्यंत गणवेश शिवत बसले.

२८ जून
दुकानात गेले तर अब्बा माझा रोवणीचा शर्ट उसवत होते. बाही वेगळी करून ठेवलेली. मी शर्ट घ्यायला हात पुढे केला. मग म्हणाले, "इथी ओढते. दिवसभर हात पुढं असते बाईचा. बगलेत चौकोनी तुकडा पायजे." तुकडा कापला, लावला, शर्ट माझ्याकडे टाकला. "हे शिकवतीन काय तिथी? का नुसते चित्रं?"
खरंच माहीत नाही, शिकवतात का.

५ जुलै
नागपूरला निवड झाली. दहा तारखेपर्यंत मूळ कागदपत्रांसह हजर व्हा. माझी मूळ गडचिरोलीत.
अर्ज मीच लिहिला, अब्बांच्या नावाने. सहीची जागा सोडून त्यांच्यासमोर ठेवला. वाचला. त्यावर कैची ठेवली. "डी.एड. केली तर नोकरी हाय. तिकडे काय हाय ते तुलेच सांगता येत नाई."

७ जुलै
अर्ज तिथेच. कैची लागली की अब्बा उचलतात, काम झालं की परत त्यावरच ठेवतात. अम्मी म्हणते, माफी माग. कशाची, ते तिलाही नीट सांगता येत नाही.

९ जुलै, मंगळ.
सकाळी अब्बा अर्ज खिशात घालून निघाले. सोबत येते म्हटलं तर, "तू दुकान पाय. मी येतो जाऊन." सही केली का, अम्मीने विचारलं. ते चप्पल घालून बाहेर पडले. फाईल काढायला गेले की सीट पक्की करायला, कोण जाणे. दोन्ही जमेल त्यांना.
तीन गिऱ्हाइकं आली. एकीचं माप चुकीचं लिहिलं, परत बोलावून घेतलं.
आता पाच वाजलेत. अम्मी दारातून सांगते, गडचिरोलीची गाडी आली वाटते. ते पोचायच्या आत लिहून ठेवते, नंतर मी हे स्वतःजवळही कबूल करणार नाही. फाईल नाही आली तर मी सुटले, असं आज एकदा वाटलं. दुपारी. एकदाच.