पुलावरचा ट्रक उतरवून घेताना

ती. अक्का,

धाकट्याचा वाकून नमस्कार. तुझा गुडघा आता जिना चढू देतो का? भावोजींनी मीठ खरंच सोडलं, की नुसतं सोडल्याचं सांगतात? फोन न करता पत्र लिहितो आहे, कारण फोनवर तू तिसऱ्या वाक्याला “मुद्द्याचं बोल” म्हणतेस. पत्राला तसं म्हणता येत नाही. तेव्हा चष्मा लाव, आरामात बस, आणि गेले सात आठवडे मी काय केलं ते ऐक.

अप्पांच्या पंचाहत्तरीला तू दिलेली ती डीव्हीडी आठवते ना? ट्रकवाल्याची. नव्या नवरीचं लाकडी कपाट घेऊन तो डोंगरापलीकडच्या गावी निघतो आणि वाटेत त्याला एकेक भलभलती माणसं भेटतात, तो विनोदी सिनेमा. अप्पा हल्ली जेवण झालं की रोज तोच लावायला सांगतात. कालचा पाहिलेला आज विसरतात, त्यामुळे त्यांना तो रोज नवा. (आम्हाला नाही. ट्रकवाला बोलायच्या आधी त्याचं वाक्य हिच्या तोंडून येतं.) तर ही तबकडी दोन महिन्यांपूर्वी अडकायला लागली. आणि अडकावी कुठे? ट्रक बरोबर पुलाच्या मधोमध असताना. चित्राचे चौकोन होतात, इंजिन घशात घास अडकल्यासारखं करतं आणि सगळं थिजतं. दुसऱ्या कुणाचे वडील असते तर “बंद करा” म्हणाले असते. आपल्या वडिलांनी एकतीस वर्षं पूल तपासले आहेत. त्यांनी खुर्चीचे हात घट्ट धरले आणि म्हणाले, “तो पूल एवढा भार पेलणार नाही. उतरवा त्याला.”

एरवी सगळं विसरणारे अप्पा तो ट्रक मात्र विसरेनात. संध्याकाळी ताटावर बसले तरी “उतरला का?” मी बटण दाबून पुढचा भाग लावला, तर त्यांनी ओळखलं. मधलं दाखवत नाहीत म्हणजे मध्ये काहीतरी झालंय, असा त्यांचा एकतीस वर्षांचा अनुभव. त्यांनी जुन्या खात्याच्या नावे एक अर्जही लिहिला, “सदर पूल वाहतुकीस तात्काळ बंद करावा” असा. त्यांना जेवण जाईना. सिनेमा जुना, दुकानात मिळेना, इंटरनेटवर त्याचा पत्ता नाही. तेव्हा मी ठरवलं, काय वाटेल ते होवो, हा सिनेमा कॉम्प्युटरवर उतरवून घ्यायचा. ट्रक पुलावरून खाली आल्याशिवाय मी मागे हटणार नाही.

आधी माझा धंदा वापरून पाहिला. तीस वर्षं लोकांच्या कवळ्या चकचकीत करणाऱ्या माणसाला एका तबकडीचा ओरखडा काय जड! बारीक पेस्ट लावून पॉलिशच्या चाकावर हलकेच फिरवली. अशी उजळली की तीत स्वतःचे दात मोजता आले. घरी लावली, तर ट्रक पुलाच्या अलीकडेच थांबला. अप्पा एक दिवस खूष. शहाणा ड्रायव्हर आहे म्हणाले. दुसऱ्या दिवशी त्यांना प्रश्न पडला, हा थांबला का? पूल पडला की काय?

मग ड्राइव्ह घ्यायला निघालो. आमच्या कॉम्प्युटरला तबकडी घालायची जागाच नाही. (हे मला तो घेऊन चार वर्षांनी, हातात तबकडी धरून त्याच्या चारी बाजूंनी फिरल्यावर कळलं.) मोठ्या दुकानातल्या विक्रेत्याने माझ्याकडे मी कंदिलाची काच मागितल्यासारखं पाहिलं आणि वहीएवढा पातळ एक ड्राइव्ह काढून दिला. वजन नाही, वेगळी वीज नको, एक वायर खुपसली की झालं. खुपसली. ड्राइव्हने पडद्यावर आधी विचारलं, तबकडी जगाच्या कोणत्या प्रदेशासाठी बनवलेली? आणि बजावलं की हे फक्त पाच वेळा बदलता येईल. अक्का, माणसाला असं बजावू नये. घाबरून मी चार वेळा बदललं. पाचव्यांदा हीच माझ्या हातातून माऊस काढून घेऊन म्हणाली, “आता जे आहे ते राहू द्या.” सिनेमा सुरू झाला, पुलापर्यंत आला, ड्राइव्ह दोनदा कण्हला आणि त्याने जीभ बाहेर काढावी तशी तबकडी बाहेर काढली. अकरा वेळा घातली, अकरा वेळा काढली.

तो परत केला. मग रीतसर अभ्यास. वहीत रकाने आखले: पातळ की जाड, आतला की बाहेरचा, वीज कुठून घेतो, खराब तबकडीवर किती वेळ धीर धरतो. शेवटच्या रकान्याचं उत्तर एकाही खोक्यावर छापलेलं नसतं. तीन आठवडे हेच. ही म्हणाली, आपलं लग्न ठरलं तेव्हा दहा मिनिटांत हो म्हणालात, तेव्हा कुठे गेले होते रकाने? (मी म्हटलं, तेव्हा पर्याय एकच होता. हे मला वेगळ्या शब्दांत सांगता आलं असतं.)

दुसऱ्या दुकानात मला ब्लू-रेचा, म्हणजे नव्या जातीच्या तबकड्यांचा, ड्राइव्ह विकायचा घाट घातला होता. त्याने म्हणे पुढची वीस वर्षं निश्चिंती. मी म्हटलं, वडील सत्त्याऐंशीचे आहेत, मला आजच्या दुपारचं बघायचं आहे. शेवटी गाठ पडली ती एका जिन्याखाली बसणाऱ्या दुरुस्तीवाल्याशी. मान वाकवूनच आत जावं लागतं, म्हणून सगळी गिऱ्हाइकं त्याच्यापुढे नम्र. त्याने तबकडी उजेडात तिरकी धरली, माझ्या पॉलिशचं कौतुक केलं नाही, आणि एवढंच म्हणाला, “पातळ ड्राइव्ह उधारीच्या विजेवर चालतो, लगेच धाप लागते. जुना जाड घ्या, स्वतःचं खाणारा.” मग जुन्या कॉम्प्युटरमधून काढलेला विटेएवढा ड्राइव्ह त्याने पत्र्याच्या पेटीत बसवला. तिला भिंतीतून वीज घ्यायची वेगळी वायर. सगळ्या रकान्यांत बसणारं हे एकच स्थळ, आणि ते माझ्या वहीत नव्हतं.

परवा सकाळी सिनेमा उतरवणं सुरू केलं. पेटी अशी घरघरली की ही स्वयंपाकघरातून मिक्सर कुणी लावला म्हणून बघायला आली. एकसष्ट टक्क्यांवर गाडी अडली. मी कपाळाला हात लावला. तेवढ्यात अप्पा काठी टेकत आले, पेटीवर तळहात ठेवला, जरा वेळ डोळे मिटून उभे राहिले आणि खात्यातल्या जुन्या आवाजात म्हणाले, “एवढ्या वेगात कशाला नेतोस? भार जास्त, रस्ता खराब. सगळ्यात हळू ने.”

मी वेग अगदी खाली आणला. अप्पा खुर्ची ओढून शेजारी बसले. पाऊण तास एकसष्ट. मी बोलायला गेलो की हात वर करून मला गप्प करत. मग बासष्ट झालं. मग त्रेसष्ट. अक्का, मी कधी कुणाच्या पाया पडताना रडलो नाही, पण त्या त्रेसष्टला डोळे भरून आले.

दुपारी सिनेमा लावला. ट्रक पुलावर आला, मी आणि ही श्वास रोखून, आणि तो सरळ पलीकडे गेला. पुलाच्या काळजीत पलीकडे काय आहे हे आम्ही तिघेही विसरलो होतो. कपाट नवरीच्या दारातून आत जातच नाही! ते अंगणात ठेवून सगळं गाव त्याच्याभोवती भांडतं. अप्पा इतके हसले की त्यांची कवळी सुटली. (मी बनवलेली. ती मी आज घट्ट केली.) मग डोळे पुसून म्हणाले, “पूल चांगला होता. मी उगाच शंका घेतली.” आणि दोन पोळ्या जास्त खाल्ल्या.

भावोजींना नमस्कार. गुडघ्याला जप.

तुझा,
धाकटा

ता. क. सिनेमा आता एका बटणावर लागतो. कुणालाही लावता येईल. बटणाला लाल कागद चिकटवला आहे.

ता. क. २. हिने तुला कळवायचं नाही अशी ताकीद दिली आहे, म्हणून पत्रात एक अक्षर लिहिलेलं नाही. ताकीद पत्रापुरती होती असं मी धरतो. येत्या अकरा तारखेला हिचं पित्ताशय काढायचं आहे. डॉक्टर म्हणतात, साधं ऑपरेशन आहे. मला ते साधं वाटत नाही. चार दिवस मला तिच्याजवळ राहायचं आहे आणि अप्पांना एकटं ठेवता येत नाही. दोनदा फोन उचलला आणि खाली ठेवला. येशील का?

ता. क. ३. वन्सं, पत्र टाकायला माझ्याकडे दिलं होतं, ते मी वाचलं. तुमच्या गुडघ्यामुळे नको म्हटलं होतं. आता कळलंच आहे तर या, पण चार दिवस नको, आठ दिवस या. अप्पांचं काही नाही, ते शहाण्यासारखे राहतील. यांच्याजवळ कुणीतरी हवं.