मिरचीला गेलेल्या माणसाची सही

माय, तुझ्या नातीचा पासपोर्ट परवा पोस्टमननं आणून दिला. तळहाताएवढं निळं पुस्तक आहे. पासपोर्ट म्हणजे काय हे तुला नीट सांगायला बसले तर संध्याकाळ जाईल, म्हणून एवढंच की परदेशात जायला तो लागतो, आणि परदेशात जायचं कशाला, तर दोर ओढायला. हसू नकोस. शाळेच्या रस्सीखेच संघात ती सगळ्यात मागे, दोर अंगाभोवती घेऊन उभी राहते, आणि आता हा संघ मलेशियाला निघालाय. तुम्ही एकमेकींना पाहिलं नाही, पण तू असतीस तर म्हणाली असतीस, "विहिरीवरचा दोर वढ म्हनलं का हिचे हात दुखतेत."

मला लिहायचंय ते मात्र वेगळंच. मागच्या महिन्यात सिंदेवाहीहून सकाळच्या बसनं आम्ही दोघी चंद्रपूरला पासपोर्टच्या ऑफिसात गेलो. मी अंगणवाडी सेविका, कागद लावण्यात माझा हात कोणी धरणार नाही अशा तोऱ्यात होते. खिडकीतल्या बाईंनी सगळं तपासलं आणि विचारलं, "मुलीच्या वडिलांची सही नाही. ते कुठे असतात?" मी फट्दिशी म्हणाले, "मिरचीले गेले." बाई बाहेरच्या असाव्यात, त्यांना कळेना. मी समजावून सांगितलं, तेलंगणात, मिरची तोडायला. "मग आले की सही घेऊन या," त्या म्हणाल्या आणि फाईल माझ्या हातात दिली. संघाची यादी पक्की व्हायला दीड महिना उरला होता, आणि माझा नवरा जाऊन नऊ वर्षं झाली होती.

आपल्याकडे धान निघालं की लोक टेम्पोत बसून मिरची तोडायला जातात आणि उन्हाळ्यात परत येतात. जो परत येत नाही त्याला कुणी पळाला म्हणत नाही. तो मिरचीलाच असतो. भर आषाढात असतो, दहा-दहा वर्षं असतो, आणि एवढी कुठली मिरची असं कुणी विचारत नाही. हे मी तुझ्याकडूनच शिकले. मी तिसरीत असेन. माणसं मोजायला आलेले गुरुजी एटापल्लीहून चालत आलेत, दारात बसलेत. तू आत अंबाडीची भाजी निवडतेस, आणि मी त्यांना सांगते की आमचा बाप पळून गेला. तू भाजी हातात घेऊनच बाहेर येतेस. "नाई जी, मिरचीले गेला. लिवा तुमी." गुरुजी लिहितात. ते गेल्यावर तू मला मारलं नाहीस, नुसतं म्हणालीस, "गेलेल्या मानसाले वापस या लागते. तू दार लावून ठेवशीन तं तो येईन कुठून?" मला तेव्हा ते पटलं. अजूनही अर्धं पटतं, म्हणून तर विचारतेय. तुला तो येईल असं खरंच वाटायचं का? की मला तसं वाटावं म्हणून तू म्हणायचीस?

मी फाईल मांडीवर घेऊन बाकावर बसले होते. पोरीनं ती उचलली आणि सरळ खिडकीशी गेली. "मॅडम, माहे बाबा मिरचीले नाई गेले. ते आमाले सोडून गेले." बाईंनी माझ्याकडे पाहिलं. रागावतील असं वाटलं, पण त्यांनी शांतपणे दुसरा नमुना काढून दिला. एकट्या पालकानं द्यायचं घोषणापत्र असतं, त्यात दुसऱ्याची सही का नाही ते लिहायचं. अंगणवाडीच्या वहीत कितीतरी लेकरांपुढे मी "वडील मजुरीसाठी बाहेरगावी" असं डोळे मिटून लिहिलंय. इथं मात्र अर्धा तास गेला. नवरा नऊ वर्षांपूर्वी घर सोडून गेला, तेव्हापासून संपर्क नाही, कुठं आहे माहीत नाही. एवढंच तर होतं. लिहून झाल्यावर मला फार मोकळं वाटलं, आणि तसं वाटल्याची तुझ्यापुढे लाजही वाटली.

बसमध्ये मी पोरीला विचारलं, "तुले कवापासून मालूम होतं?"

"दुसरीत होती तवापासून."

"मंग बोलली काऊन नाई?"

ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "तू सांगून राह्यली होती नं. तुले बरं वाटे."

हे कुठं पाठवायचं नाही, म्हणून पुढचंही लिहिते. मी ब्रह्मपुरीला अकरावीला होते तेव्हा एकदा स्टँडवर बाबा दिसले होते. जीपच्या टपावर पोतं चढवत होते. खाली एक बाई उभी होती, कडेवर लेकरू. त्यांनी मला ओळखलं की नाही, मला सांगता येणार नाही. त्या शनिवारी मी घरी आले. तू भाकरी थापता थापता म्हणालीस, "यंदा मिरची लय आली म्हनतेत. उशीर होईन त्याले."

मी म्हटलं, "हो माय. होईन."