कले, ते पत्र आलं होतं

प्रिय कले,

तुझ्या नावाआधी 'कै.' लिहायला हात धजला नाही. किराण्याच्या वहीची मागची कोरी पानं फाडून लिहिते आहे. हसशील तू, हिच्या घरात कोरा कागद काही विकत येत नाही म्हणून. दर पत्रावर मी 'ॐ नमः शिवाय' लिहायचे, आज तेही लिहिलेलं नाही. आधी तुझ्याशी बोलायचं आहे, मग देवाशी.

परवा तुझं तेरावं झालं. छातीत दुखायचं निमित्त झालं आणि नांदेडच्या दवाखान्यातून तुला तशीच मुखेडला आणली, असं तुझ्या संगीतानं सांगितलं. पंगत बसायच्या आधी तुझे दादा आले. काठी टेकत, धुतलेलं धोतर नेसून. संगीतानं त्यांना ओट्याच्या खालीच थांबवलं.

"मामा, आई तुमचा राग घेऊनच गेली. आता तिच्या नावानं जेवायला येऊ नका."

दादांच्या चपला पायातच होत्या, तसेच वळले. मी आत भाताची परात धरून उभी होते.

मग संगीता माझ्याजवळ येऊन बसली. "मावशी, आईच्या शाळेतल्या तुम्हीच एक उरलात. मामानंच आईचं नाव काढायला लावलं होतं ना, लातूरच्या कचेरीतून?"

मी म्हणाले, "जाऊ दे बाई, जुन्या गोष्टी."

कले, ते पत्र आलं होतं.

आपण आठवीत होतो, तेव्हाचा दुष्काळ तुला आठवतो? वेशीजवळच्या विहिरीला तळ लागला, की तुलाच आत उतरवायचे, सगळ्यांत हलकी म्हणून. कमरेला कासरा, हातात वाटी. वाटी वाटीनं घागर भरायचीस. वर कासरा धरायला मोठ्या बायका असायच्या, तरी खालच्या अंधारातून हाक मला. "गंगे, धरलास का?" माझ्या हातात नुसतं शेवटचं टोक असायचं. तरी मी म्हणायचे, "धरलाय गं." मग तू निवांत पाणी भरायचीस. गुडघे सोलून वर यायचीस आणि पहिली घागर आमच्या दारात ठेवायचीस. म्हणायचीस, "वाण्याच्या लेकीला पाणी काढता येत न्हाई, निस्तं तोलता येतं."

मॅट्रिक झालो. मी उदगीरला दिली गेले, तू देवणीकडं. सहा वर्षांत तू कडेवर संगीताला घेऊन मुखेडला परत आलीस. नवऱ्यानं दुसरी केली होती. दादांनी घरात घेतलं, पण चारचौघांत सांगून टाकलं, "आमची बाई कचेरीत जाणार न्हाई."

आणि त्याच सुमाराला लातूर जिल्हा झाला. जिकडंतिकडं एकच बोलणं, नव्या कचेऱ्या, नवी भरती. तू गुपचूप अर्ज केलास, पत्ता माझा दिलास. मग दर बाजाराच्या दिवशी तू उदगीरला. एक पाय उंबऱ्यावर, एक पायरीवर.

"आलं का गं?"

"न्हाई गं अजून. चहा तरी घे."

"नगं. गाडी सुटंल."

श्रावणातल्या एका शुक्रवारी आलं. खाकी लिफाफा, त्यावर तुझं नाव आणि 'मार्फत' माझं. मला इतका आनंद झाला की मी चौकटीला धरून उभी राहिले. पत्र तुझं, म्हणून फोडलं नाही. पाचला मुखेडची गाडी होती, कंडक्टर आमच्या गल्लीतला. त्याच्या हातात दिलं असतं तर दिवस मावळायच्या आत तुला पोचलं असतं.

पण मला तू ओळखतेस. लग्नपत्रिका असो, नवं कापड असो, पोरांची पहिली पाटी असो, देवापुढं ठेवल्याशिवाय आमच्या घरातून काही हलत नाही. वाटलं, सोमवारी महादेवाला अभिषेक करावा, लिफाफ्यावर बेल ठेवावा, मग पाठवावं. तुझ्याच भल्यासाठी. का थोडं मिरवायचंही होतं मला, की माझ्या देवानं तुझं काम केलं? चाळीस वर्षं झाली, मला अजून नीट सांगता येत नाही.

सोमवारी देवळातून आले. ताटातला लिफाफा ह्यांनी उचलला. "मुलाखतीचं दिसतंय. तारीख बघितलीस?" आणि अंगठ्यानं फोडला. "आज हाय. लातूरला, अकरा वाजता."

घड्याळात साडेबारा झाले होते.

"आता काय सांगशील तिला?"

"तुम्ही कुणाला काही बोलू नका," मी म्हणाले. ते खरंच कधी बोलले नाहीत. पत्र मी चुलीत घातलं. आता तेही नाहीत. हे ठाऊक असलेली मी एकटीच राहिले आहे.

पुढच्या बाजाराला तू आलीस. मी सुपात ज्वारी पाखडत होते.

"आलं का गं?"

"न्हाई गं."

एवढंच. सूप थांबलंसुद्धा नाही माझं.

महिन्याभरानं तू पहिल्यांदाच आत येऊन बसलीस. म्हणालीस, "दादा लातूरला जाऊन आला होता, बैल बघायला म्हणे. बैल तर आणला न्हाई. त्यानंच माझं नाव काढायला लावलं, गंगे." माझ्याकडं बघत राहिलीस. तेव्हा सांगता आलं असतं. मी उठून चहा ठेवला. तू तो कप रिकामा होईपर्यंत प्यायलीस आणि त्याच आठवड्यात दादांचं घर सोडलंस.

मग ती भाड्याची खोली, लोकांचे पापड, शिलाई. राखी कायमची बंद. सुगी झाली की दादा तुझ्या दारात ज्वारीचं पोतं ठेवून जायचे आणि तू ते शेजारच्या गोठ्यात द्यायचीस. हे मला तूच हसत सांगायचीस, आणि मी ऐकून घ्यायचे. वर म्हणायचीस, "सख्खा असा निघाला. तू हाईस म्हणून बरं."

वर्गात गुरुजींची बेरीज चुकली तर तुला आधी कळायचं. मग माझा चेहरा तुला कधी वाचता आला नाही? का वाचला होतास, आणि तूच गप्प राहिलीस? जिवंत होतीस तोवर हे विचारायची भीती वाटायची. आता उत्तर मिळायचंच नाही, त्याची भीती वाटते.

तू गेल्यापासून रोज सकाळी पूजेला बसून तळहातावर इष्टलिंग घेऊन डोळे मिटले, की उंबऱ्यात पाय वाजतो. "आलं का गं?" डोळे उघडते, दारात कुणी नसतं. काल मी मोठ्यानं उत्तर दिलं असावं. सून स्वयंपाकघरातून म्हणाली, "आई, कुणासंगं बोलायलात?" मी म्हणाले, स्तोत्र म्हणतेय. पूजेत बसून खोटं बोलले, कले. सवयच झाली आहे.

तुझं आयुष्य मी परत देऊ शकत नाही. पण दादांना त्या ओट्याखालून वर आणायचं अजून माझ्या हातात आहे. उद्या पहिल्या गाडीनं मुखेडला येते. आधी दादांकडं जाईन, त्यांच्या पाया पडून सगळं सांगेन. मग त्यांना घेऊन संगीताच्या दारात. पुरावा काही नाही, माझ्या तोंडाचाच शब्द आहे. ती मला मावशी म्हणायचं सोडेल. दारही लावेल तोंडावर. लावू दे. फक्त ते लावताना दादा आत असतील आणि मी बाहेर, एवढं नक्की करते.

तुझी,
गंगा